जुन्या मोटारीचा श्वास

एखादी वस्तु जुनी झाली म्हणजे तिच्याविषयीं मनुष्याचें प्रेम वाढतें, परंतु काळजी मात्र कमी होते, असें पुष्कळदां दिसून येतें. जुनी मोटार हें याचें चांगलें उदाहरण होय. तिला धुऊनपुसून चकचकीत ठेवणारे पुष्कळ. पण तिच्या इंजिनाला नीट श्वास घेतां येतो कीं नाहीं, हें पाहणारे थोडे. ज्या साध्या नळींतून व लहानशा झडपेंतून हा श्वास चालतो, तिच्याविषयीं दोन शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण ही नळी तुंबली असतां ती साफ न करतां जोडावरून उपटून गाडीखालीं मोकळी सोडून देण्याची चाल आपल्याकडे कित्येक जुन्या गाड्यांत दिसते. ही चाल मालकाच्या तोट्याची आहे आणि रस्त्यानें जाणाऱ्यायेणाऱ्यांवर अन्याय करणारी आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम ही नळी कशाकरितां असते, हें विद्यार्थ्यांनीं समजून घ्यावें. सिलिंडरमध्यें पेट्रोल व हवा यांचें मिश्रण जळतें आणि त्या जोरानें पिस्टन खालीं ढकलला जातो. पिस्टनभोंवतीं रिंगा असतात. पण त्या कितीहि घट्ट असल्या तरी वायूचा थोडा अंश त्यांच्या कडेनें निसटून खालच्या भागांत उतरतोच. या भागास क्रँककेस म्हणतात व त्याच्या तळाशीं ऑईलचें चेंबर असतें. निसटलेल्या वायूबरोबर न जळलेलें पेट्रोल, काजळी, आम्लें व पाण्याची वाफ हींहि तेथें येतात. एक लिटर पेट्रोल जळालें म्हणजे सुमारें एक लिटर पाणी वाफेच्या रूपानें उत्पन्न होतें, हें ऐकून कित्येकांस नवल वाटेल. त्यांतील बहुतेक वाफ मागच्या सायलेन्सरवाटे निघून जाते हें खरें. परंतु जी थोडी खालीं उतरते ती तेथेंच कोंडली, तर थंड इंजिनांत तिचें पाणी होतें, तें ऑईलमध्यें मिसळतें आणि ऑईलचा काळा चिकट गाळ बनूं लागतो.

म्हणून हा वायु बाहेर काढणें अवश्य आहे. पूर्वीच्या मोटारींत त्यासाठीं एक नळी क्रँककेसमधून निघून रस्त्याकडे तोंड करून सोडलेली असे. गाडी धांवूं लागली कीं वाऱ्याच्या ओढीनें आंतील वायु बाहेर पडे. गाडी उभी राहिली कीं ती ओढहि थांबे. पुढें जी व्यवस्था आली तींत ही नळी इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या मॅनिफोल्डला जोडली गेली व मध्यें एक लहान व्हॉल्व्ह बसविण्यांत आला. यालाच पीसीव्ही व्हॉल्व्ह म्हणतात. इंजिन मंद चालत असतां मॅनिफोल्डची ओढ फार असते, तेव्हां हा व्हॉल्व्ह वाट अरुंद करतो. भार पडून निसटणारा वायु वाढला म्हणजे वाट रुंद करतो. आणि इंजिनानें उलट भडका मारलाच तर वाट मिटवून ज्वाळेस खालीं जाऊं देत नाहीं. दुसऱ्या एका नळीनें एअर फिल्टरमधून गाळलेली स्वच्छ हवा क्रँककेसमध्यें येते. अशा रीतीनें घाण वायु पुनः सिलिंडरमध्यें जाऊन जळून जातो.

ही व्यवस्था सर्व गाड्यांत आली ती केवळ इंजिनाच्या हितासाठीं नव्हे. अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरावर १९४३ च्या उन्हाळ्यांत दाट, डोळे झोंबविणारें धुरकें पसरलें आणि पुढें तें वारंवार येऊं लागलें. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनीं १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत दाखवून दिलें कीं, न जळलेल्या पेट्रोलचे वायु व नायट्रोजनचीं ऑक्साइडें यांवर ऊन पडून हें धुरकें तयार होतें. मोटारींतून हवेंत जाणाऱ्या अशा पेट्रोलवायूंपैकीं सुमारें पांचवा हिस्सा क्रँककेसच्या मोकळ्या नळीवाटे जात असे. तेव्हां १९६१ सालीं कॅलिफोर्नियानें ही नळी बंदिस्त करण्याची सक्ती केली. मोटारींच्या धुरावर तेथें बसविलेला हा पहिलाच निर्बंध होय. आज आपल्याकडे जो मिस्त्री ही नळी उपटून खालीं सोडतो, तो गाडीला त्या दिवसांच्या मागें नेऊन ठेवतो.

आतां नळी तुंबली म्हणजे काय होतें तें पाहूं. आंतील दाब वाढतो, आणि दाबास वाट पाहिजेच. म्हणून ऑईल सीलांच्या कडेनें पाझरूं लागतें. स्वीडनमध्यें बनलेली व्होल्वो २४० ही गाडी तिच्या टिकाऊपणाबद्दल प्रसिद्ध आहे. १९७४ ते १९९३ पर्यंत ती बनत होती. तिच्या या नळीच्या मार्गांत बारीक भोकांची प्लॅस्टिकची एक लहानशी चकती असते. ती काजळीनें बुजली व कोणीं पाहिली नाहीं, तर क्रँकशाफ्टच्या मागचें सीलसुद्धां गळूं लागतें; आणि तें बदलण्यासाठीं गिअरबॉक्स उतरवावी लागते. बोटाच्या पेराएवढ्या वस्तूकडे दुर्लक्ष केल्यानें केवढें काम अंगावर येतें, हें यावरून कळेल.

यावर कांहीं मिस्त्री म्हणतात, "साहेब, नळीवाटे ऑईल एअर फिल्टरवर येतें, फिल्टर भिजतो, नळी बाहेर काढली कीं तक्रार मिटली." हें म्हणणें अगदीं निराधार आहे असें नाहीं, फिल्टर कोरडा राहतो हें खरें. पण तक्रार मिटली नाहीं, तिचा निरोप आणणारा तेवढा घालवून दिला. फिल्टरवर आलेलें ऑईल हेंच सांगत असतें कीं व्हॉल्व्ह चिकटला आहे, किंवा रिंगा झिजल्या आहेत. शिवाय मॅनिफोल्डची ओढ तुटल्यामुळें शहरच्या गर्दींत गाडी उभी असतां आंतील वाफ आंतच राहते व गाळ वाढतो. आणि मॅनिफोल्डचें तोंड उघडें राहिलें तर जादा हवा शिरून इंजिन मंद चालतांना अडखळूं लागतें.

दुसरी गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. पीयूसीची तपासणी करतांना यंत्राची नळी मागच्या सायलेन्सरमध्यें घालतात. गाडीच्या पोटाखालीं लोंबणाऱ्या या नळीचा धूर तेथें मोजला जात नाहीं. म्हणजे प्रमाणपत्र खिशांत आणि धूर मात्र शाळेच्या फाटकाशीं उभ्या असलेल्या मुलांच्या नाकांत, असा प्रकार होतो. आपल्या घरचा केर शेजाऱ्याच्या अंगणांत लोटणाऱ्यास आपण भला म्हणत नाहीं; तोच न्याय येथेंहि लागू करावा.

योग्य उपाय कठीण नाहीं. इंजिन पुरतें थंड झाल्यावर, विस्तवापासून दूर, हातमोजे घालून व डोळे सांभाळून नळ्या काढाव्यात. व्हॉल्व्ह कानाशीं धरून हालविला असतां आंतील भाग खुळखुळला तर तो मोकळा आहे. न खुळखुळल्यास तो चिकटला आहे असें समजावें. कार्ब्युरेटर साफ करण्याच्या फवाऱ्यानें तो धुतां येतो. पण जुन्या गाडींत आमची सूचना अशी कीं तो नवाच घालावा, कारण आंतील स्प्रिंग थकलेली असते व धुतल्यानें ती तरुण होत नाहीं. नळ्या कडक झाल्या असतील किंवा चिरल्या असतील तर त्याहि बदलाव्यात. मात्र पाण्याची साधी रबरी नळी घालूं नये. गरम ऑईलच्या वाफेनें ती लौकरच फुगून मऊ होते. ऑईल सोसणारीच नळी मागून घ्यावी. एअर फिल्टर व ऑईल त्याच वेळीं बदललें तर उत्तम.

काम झाल्यावर इंजिन मंद चालू ठेवून ऑईल भरण्याच्या तोंडाचें झांकण काढावें व त्यावर कागदाचा हलका तुकडा ठेवावा. पुष्कळशा पेट्रोल इंजिनांत तो किंचित् आंत ओढला जातो. उलट वारा येऊन कागद उडूं लागला, तर रिंगांचा संशय धरून कॉम्प्रेशन तपासून घ्यावें. झिजलेल्या रिंगा नळी साफ केल्यानें बऱ्या होत नाहींत, हें आम्हांस झांकून ठेवावयाचें नाहीं. परंतु केवळ नळी तुंबल्यामुळें चाललेली गळती रिंगांच्या माथीं मारून इंजिन खोलण्यापूर्वीं, हा स्वस्त उपाय करून पाहणें शहाणपणाचें आहे.

विद्यार्थिमित्रहो, पुस्तकांत तुम्ही वायूचा दाब शिकतां. तोच दाब घरच्या गाडींत काय करतो, तें वडील किंवा मिस्त्री काम करीत असतां शेजारीं उभे राहून पाहा, आणि कळलें नाहीं तें विचारा. मुलींनींहि हें पाहावें. गाडी चालविणाऱ्या प्रत्येकास तिचें पोट ठाऊक असावें. पालकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, पुढच्या खेपेस ऑईल बदलावयास गाडी न्याल, तेव्हां ती नळी आपल्या जागीं आहे कीं खालीं लोंबते आहे, हें स्वतः वांकून पाहावें. लोंबत असेल तर त्याच दिवशीं ती जागेवर बसवून घ्यावी.