तळें राखी तो पाणी चाखी?

“तळें राखी तो पाणी चाखी” ही म्हण गांवोगांवीं हंसत हंसत सांगितली जाते. पंचायतीच्या सभासदानें आपल्याच भावाला गटाराचें काम दिलें, तरी पारावरचे लोक हीच म्हण म्हणतात व पुन्हां तंबाखू मळूं लागतात. आम्हांस वाटतें, ही म्हण राखणदारानेंच रचलेली असावी. ज्याची घागर रिकामी राहिली त्यानें खास नव्हे.

प्रकार कसा चालतो तें सरळ सांगतों. समजा, गांवांत सिमेंटचा रस्ता व्हावयाचा आहे. काम मंजूर करणारा सभासद, काम घेणारा त्याचा मेहुणा, खडी वाहणारा ट्रॅक्टर घरचाच, आणि काम चांगलें झालें म्हणून बिलाला हात वर करणारा पुन्हां तोच सभासद. बाजारांत बैल घेणारा त्याचे दांत पाहतो, चालवून पाहतो, मग पैसे मोजतो. विकणारा व घेणारा एकच असेल, तर दांत पाहणार कोण? पहिल्या पावसांत रस्ता उखडतो, त्याचें कारण आभाळांत शोधूं नये. सिमेंट कोठें मुरलें हें साऱ्या गांवाला ठाऊक असतें. आणि नळाची वाहिनी पुढाऱ्याच्या मळ्याकडे वळली, म्हणजे वस्तीवरच्या आयाबायांना हंडा घेऊन मैलभर चालावें लागतें. असल्या कामाची किंमत तीच माणसें भरतात.

पूर्वीं गांवाचें दप्तर कुळकर्ण्याच्या हातांत असे. सारा किती व बाकी किती हें तोच लिही, आणि पुष्कळ ठिकाणीं सावकारीहि तोच करी. ज्याच्या हातीं लेखणी त्याच्याच हातीं थैली, मग कुणब्यानें दाद कोणाकडे मागावी? १९१८ सालीं शाहू छत्रपतींनीं करवीर संस्थानांत कुळकर्णी वतनें मोडून पगारी तलाठी नेमले, तेव्हां बहुजनसमाजाला आनंद झाला. परंतु आज पंचायतीच्या खुर्चीवर कोण आहे? बहुतेक ठिकाणीं आपलाच भाऊ, आपलाच पुतण्या. मग कुळकर्ण्याला जे बोल लावले, तेच बोल सोयऱ्याला लावतांना जीभ कां अडखळते? चोरी आपल्या घरच्यानें केली म्हणून ती पुण्यकर्म होत नाहीं.

कायदा याविषयीं मुका नाहीं. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याचें १४ वें कलम सांगतें कीं, पंचायतीच्या हुकुमानें होणाऱ्या कामांत किंवा पंचायतीशीं केलेल्या करारांत ज्याचा स्वतः अथवा भागीदारामार्फत, उघड वा आडून, हिस्सा किंवा हितसंबंध असेल, त्यास सभासद राहतां येत नाहीं. सरकारी किंवा सार्वजनिक जागा बळकावणाऱ्यालाहि तोच नियम. अतिक्रमण घरच्या माणसानें केलें आणि सभासद त्याचा उपभोग घेत राहिला, तरी तो अपात्र ठरतो, असा निकाल २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दिला. तक्रार जिल्हाधिकाऱ्याकडे करावयाची असते. पण शहाणा चोर आपली भागीदारी कागदावर ठेवीत नाहीं. ट्रॅक्टर एकाच्या नांवें, बिल दुसऱ्याच्या नांवें, आणि पैसा तिसऱ्याच्या घरीं! कायद्याच्या जाळ्यांत भोळा सांपडतो. बनेल माणसाला गांवाचाच डोळा पकडूं शकतो.

आणखी एक गोष्ट. २०११ पासून महाराष्ट्रांत पंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखल्या गेल्या, ही मोठी गोष्ट झाली. पण सही बाईची आणि कारभार व कंत्राट नवऱ्याचें, असें जेथें चालतें, तेथें पहिली फसवणूक त्या बाईचीच होते. चौकशी आली म्हणजे उत्तर तिलाच द्यावें लागतें.

कोणी म्हणतील, “गांव म्हणजे भावकी. सोयरा नाहीं असा गवंडी आणावा कोठून?” प्रश्न खरा आहे व तो आम्ही टाळीत नाहीं. भाऊ सभासद झाला म्हणून लोहारानें भट्टी विझवावी, असें आमचें म्हणणें नाहीं. नातें हा गुन्हा नव्हे; नातें लपवून त्याच्या आडून पैसा खाणें हा गुन्हा आहे. सभासदाचा त्या कामांत पैसा नसावा, ही पहिली अट. नातें असेल तर तें भर बैठकींत सांगावें, त्या विषयापुरतें उठून बाहेर जावें, दर चारचौघांसमक्ष ठरावेत आणि कामाची मोजणी तिऱ्हाइतानें करावी. एवढें केलें तर लोहाराची भाकरहि जात नाहीं आणि गांवाची अब्रूहि राहते.

जोतीराव फुले स्वतः कंत्राटदार होते, आणि १८७६ पासून कांहीं वर्षें पुणें नगरपालिकेचे सभासदहि होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागताला लोकांचे हजार रुपये उधळण्याचा बेत निघाला, तेव्हां त्याविरुद्ध उभे राहणारे ते एकटेच सभासद होते. आजच्या सभासदाला व्हाइसरॉयशीं वांकडें घ्यावयाचें नाहीं. मेहुण्याला ‘नाहीं’ म्हणावयाचें आहे. पण तें अधिक अवघड, हें आम्ही जाणतों.

तर मग, शेतकरी व कारागीर बांधवांनो, आपण करावयाचें काय? वर्षांत निदान चार ग्रामसभा भरवाव्याच लागतात. तेथें शंभर मतदार, किंवा एकूण मतदारांपैकीं पंधरा टक्के, यांपैकीं जी संख्या कमी तेवढे जमले म्हणजे गणपूर्ति होते. ती न झाली तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची गरज राहत नाहीं. म्हणजे आपण घरीं बसलों कीं खाणाऱ्याचें ताट वाढलेंच! म्हणून एक दिवस मोडून सभेला जा. तीनच प्रश्न विचारा: काम कोणाला दिलें? तो तुमचा कोण? मोजणी कोणीं केली? उत्तर न मिळालें तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. दहा रुपयांच्या अर्जावर अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका व बिलें मागतां येतात. लिहितां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या पोरीकडून अर्ज लिहवून घ्या. त्यासाठींच तिला शिकविलें आहे.

तळें गांवाचें आहे. राखणदारानें आपल्या वांट्याचें पाणी रांगेंत उभें राहून घ्यावें.