'बास्केट केस' विकलं गेलं, म्हणे!

ग्रीन डेचं नाव काढलं की कुणीतरी जाणकार हमखास नाक मुरडतो. "हे पंक नाहीच. पंकचं सरबत आहे." १९९४च्या 'डूकी' अल्बममधलं 'बास्केट केस' तर त्याच्या लेखी गुन्ह्याचा पुरावाच : तीन मिनिटांचं, गुणगुणता येणारं, रेडिओला मानवणारं गाणं. मला या जाणकाराशी भांडायचंय.

आधी त्याची बाजू, कारण ती पोकळ नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये ९२४ गिलमन स्ट्रीट हा क्लब स्वयंसेवक चालवतात. कुठल्याही वयाच्या पोरांना प्रवेश, दारू नाही, आणि तेव्हा मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या बँडला स्टेज नव्हतं. ग्रीन डे तिथेच वाढले. त्यांनी रिप्राइजशी करार केला आणि तेच दार त्यांना बंद झालं. नियम मला पटतो. पोरांनी उभी केलेली जागा पैसेवाल्यांपासून जपावीच लागते. पण तो नियम कराराचा निवाडा करतो, गाण्याचा नाही. आपला जाणकार करार बघतो आणि गाणं ऐकायचंच सोडून देतो.

ऐकलं तर काय सापडतं? बिली जो आर्मस्ट्राँगने हे स्वतःच्या पॅनिक अटॅकबद्दल लिहिलं. आपल्याला नेमकं काय होतंय याला नाव आहे, हे त्याला पुढे काही वर्षांनी कळलं. सुरुवातीला फक्त दाबून वाजवलेली गिटार आणि एक आवाज. माझं रडगाणं ऐकायला वेळ आहे का, असं तो आधी विचारून घेतो. मग बास आणि ड्रम्स येतात आणि गाडी थांबतच नाही. तो मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो, मग वेश्येकडे. दोघांचीही उत्तरं त्याच्या दुखण्याच्या आसपास फिरकत नाहीत. आणि ती वेश्या पुरुष आहे. एका सर्वनामात हे सांगून तो पुढे जातो. आपण बायसेक्शुअल असल्याचं बिली जोने १९९५मध्ये जाहीरपणे सांगितलं. विकाऊ गाणं असं असतं?

राहिली गोड चाल. मला पहिला अटॅक आला तेव्हा छातीत दुखतंय म्हणून ईसीजी काढला. नॉर्मल आला. "काही झालेलं नाही, उगाच टेन्शन घेतोस," असं म्हणत सगळे हसले, आणि मीही हसलो. आत बोंबाबोंब, बाहेर सगळं छान. या अवस्थेला साजेशी चाल कुठली? संथ, काळीकुट्ट, दुःख जाहीर करणारी? नाही. हीच. उड्या मारायला लावणारी. तिचा गोडवा ही तडजोड नाही, ते लक्षणच आहे.

व्हिडिओबद्दल मात्र माझी तक्रार आहे. बंद पडलेल्या खऱ्याखुऱ्या मनोरुग्णालयात शूट करून, वर भडक रंग चढवून, त्यांनी तिथल्या माणसांचं कार्टून केलं. त्यावर भांडा, मी तुमच्या बाजूने आहे.

पण 'लोकांना आवडलं म्हणजे खोटं' हा नियम मला मान्य नाही. गिलमनच्या छोट्या हॉलमध्ये मावली असती त्याहून कितीतरी जास्त घाबरलेली पोरं या गाण्याने गाठली. खोलीचं दार लावून, हेडफोन घालून ऐकणारी. त्यांना कुणी आधी पंकचा दाखला मागितला नाही, हे बरंच झालं.