मैत्रीचे कलम कोणी वाचले?



बारामती तालुक्यातील सांगवी येथे एका रविवारी वंदना आटोपल्यावर आपल्या तरुणांत जो वाद जुंपला, तो मी शेवटपर्यंत निमूटपणे ऐकला. विषय होता अमेरिकेच्या अध्यक्षांचा. ता. २० जानेवारी २०२५ रोजी श्री. डोनाल्ड ट्रम्प दुसऱ्यांदा त्या पदावर आरूढ झाले. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी नाटोच्या राष्ट्रांकडून संरक्षणखर्च पाच टक्क्यांवर नेण्याचे वचन घेतले, पाकिस्तानच्या सेनाप्रमुखास भोजनास बोलाविले, ऑगस्टात अनेक भारतीय मालांवर एकूण पन्नास टक्के जकात बसविली, आणि ३१ ऑक्टोबरला त्यांच्याच संरक्षणमंत्र्याने भारताशी दहा वर्षांच्या लष्करी सहकार्याच्या आराखड्यावर सही केली. एक हात गळ्यात, दुसरा खिशात! असा गृहस्थ आपला मित्र मानावा की शत्रू, हा तरुणांचा प्रश्न होता.

एक पक्ष म्हणे, या माणसाचा भरवसा नाही, त्याच्यापासून दूर राहा. दुसरा म्हणे, बाबासाहेबांनीच अमेरिकेच्या लष्करी गटाची बाजू घेतली होती, मग आपण का कचरावे? कोपऱ्यात बसलेले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "आपल्याला काय करायचं रे त्याचं? वस्तीला पाणी नाही ते बघा."

वाचकहो, या वृद्धांचा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो शहाणपणाचा वेष घेऊन येतो. वस्तीचे पाणी आणि सरहद्दीवरील तोफ यांचा पैसा एकाच तिजोरीतून निघतो. १९५१ साली मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना बाबासाहेबांनी जे निवेदन केले, त्यात त्यांनी हाच हिशेब मांडला होता. वर्षाच्या सुमारे ३५० कोटींच्या महसुलापैकी १८० कोटी सैन्यावर जातात, आणि परराष्ट्र धोरणामुळे अडचणीच्या वेळी धावून येईल असा मित्र आपणास उरला नाही, म्हणून हा भार एकट्याने वाहावा लागतो, असा त्यांचा आरोप होता. तेव्हा "आपल्याला काय त्याचे" हे निदान आपण तरी म्हणू नये.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. हे तरुण बाबासाहेबांचे नाव घेतात, परंतु तारीख पाहत नाहीत. श्री. आयसेनहॉवर १९५३ च्या जानेवारीत अध्यक्ष झाले. मे १९५४ मध्ये त्यांच्या सरकारने पाकिस्तानशी लष्करी मदतीचा करार केला, आणि आग्नेय आशियासाठी 'सीटो' नावाचा गट उभारण्याची तयारी चालविली. ता. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत बाबासाहेब या विषयावर बोलले. सीटो हा आक्रमण करण्यासाठी नसून आक्रमण रोखण्यासाठी आहे, मग पंतप्रधानांना त्याचा एवढा तिटकारा का, असे त्यांनी विचारले. तिबेट चीनच्या हाती जाऊ दिल्याने चीनची सरहद्द आपल्या दाराशी आली, हेही त्यांनी बजावले. आणि ज्या पंचशीलाचा त्या काळी एवढा गाजावाजा चालला होता, ते शब्द आपल्या धम्मातून उचललेले असले, तरी माओंची त्यांवर श्रद्धा असती तर त्यांनी स्वदेशातील बौद्धांना निराळी वागणूक दिली असती, असे ते परखडपणे म्हणाले. १९६२ ने या भाकितावर जे शिक्कामोर्तब केले ते सर्वश्रुत आहे.

परंतु सीटोच्या तहावर मनिला येथे सह्या झाल्या त्या ८ सप्टेंबरला, म्हणजे बाबासाहेबांच्या भाषणानंतर तेरा दिवसांनी. ते गटाच्या हेतूविषयी बोलत होते. कलमे अद्याप अस्तित्वात यावयाची होती. माझा धंदा वकिलीचा. पक्षकार मित्राचे कितीही गुणगान करो, आम्ही आधी दस्त मागतो. तो दस्त वाचा. चौथ्या कलमात एवढेच आहे की, सशस्त्र हल्ला झाल्यास प्रत्येक राष्ट्र आपापल्या घटनात्मक पद्धतीनुसार कृती करील. त्याखाली अमेरिकेने आपली स्वतंत्र पुरवणी जोडली: आमच्यापुरते हे बंधन केवळ कम्युनिस्ट आक्रमणास लागू, इतर आक्रमण झाले तर सल्लामसलत करू. पाकिस्तानने या कागदावर सही केली ती भारताकडे डोळा ठेवून, आणि भारत तर कम्युनिस्ट नव्हता! १९६५ च्या युद्धात सीटो पाकिस्तानच्या मदतीस आला नाही. उलट अमेरिकेने दोघांचाही शस्त्रपुरवठा थांबविला. १९७७ साली तो गटच गुंडाळला गेला.

आपणही हसण्याचे कारण नाही. पाकिस्तानला दिलेली शस्त्रे भारताविरुद्ध वापरली जाणार नाहीत, आणि वापरली गेली तर आम्ही ते रोखू, अशा आशयाचे आश्वासन आयसेनहॉवर यांनी फेब्रुवारी १९५४ मध्ये पंडित नेहरूंना पत्राने दिले होते. ११ वर्षांनी खेमकरणच्या उसाच्या शेतांत जे पॅटन रणगाडे आपल्या जवानांनी अडविले, ते अमेरिकेचेच होते. पत्र लिहिणारा अध्यक्ष तेव्हा पदावर नव्हता. पत्र म्हणजे करार नव्हे.

सांगवीकरांना हे समजावयास मनिलापर्यंत जाण्याची गरज नाही. दरसाल हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या या पट्ट्यात येतात. पावसाळ्यातच मुकादमाने उचल दिलेली असते. किती टन तोडले म्हणजे ती फिटते, कोयता थांबला तर किती कापले जाते, हे तोडणाऱ्याला हंगाम संपेपर्यंत कळत नाही. लष्करी मदत ही राष्ट्राची उचल आहे. मुकादम गोड बोलतो की शिव्या देतो, यावर उचलीचा हिशेब ठरत नाही. तो कोणाच्या वहीत कसा लिहिला आहे, यावर ठरतो. ट्रम्प यांच्या स्वभावावर दोन तास घालविणाऱ्या पहिल्या पक्षाला माझे उत्तर हेच.

अमेरिकेतील लोकप्रतिनिधींना हे कळते. तेथे सिनेटच्या दोन-तृतीयांश संमतीवाचून तह पक्का होत नाही. सीटोलाही ती १९५५ साली घ्यावी लागली. डिसेंबर २०२३ मध्ये तर त्यांनी कायदाच केला की, कोणाही अध्यक्षास सिनेटच्या तशाच संमतीवाचून किंवा काँग्रेसच्या कायद्यावाचून नाटो सोडता येणार नाही. आपल्या अध्यक्षाच्या लहरीला त्यांनी आधीच कुलूप लावले.

आणि आपल्याकडे? संविधानाच्या सातव्या अनुसूचीत केंद्रसूचीतील १४ व्या नोंदीने परराष्ट्रांशी करार करण्याचा विषय संसदेच्या कायदेक्षेत्रात ठेवला आहे. बाबासाहेबांच्या मसुदा समितीने दार उघडे ठेवले. आजवर आत कोणी पाऊल टाकले नाही. करार कसा करावा आणि संसदेपुढे केव्हा ठेवावा, याचा सर्वसाधारण कायदाच झालेला नाही. भूप्रदेश द्यावयाचा असेल तर घटनादुरुस्ती हवी, हे बेरुबाडी प्रकरणी १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. पण लष्करी सहकार्यासाठी मंत्र्याची सही पुरते. २०१६, २०१८ आणि २०२० साली अमेरिकेशी रसद, संदेशवहन व नकाशांसंबंधी जे करार झाले, त्यांना संसदेची संमती लागली नाही. २००८ च्या अणुकराराची गोष्ट तर विलक्षण आहे. त्या करारावर मतदान केले ते अमेरिकन काँग्रेसने. आपल्या लोकसभेत २२ जुलैला मतदान झाले ते सरकारवरील विश्वासाचे! घर आपले, आणि खरेदीखत वाचले शेजाऱ्याच्या मुलांनी.

संरक्षणाच्या गोष्टी गुप्त ठेवाव्या लागतात, असा आक्षेप येईल. तोफेचा पल्ला जरूर गुप्त ठेवा. परंतु कोणाच्या युद्धात, कोणत्या प्रसंगी, आपण काय करण्यास बांधलेले आहोत, हे गुप्त ठेवून कोणाचे रक्षण होते?

हा प्रश्न आपणच अधिक जोराने विचारला पाहिजे, कारण कागदावाचूनच्या मैत्रीची किंमत आपल्या वाडवडिलांनी मोजली आहे. कंपनीच्या फौजेत त्यांनी रक्त सांडले. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठविला. महायुद्ध पेटले, माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ मध्ये ती मोडली. पुन्हा महायुद्ध आले तेव्हा, १९४१ साली, महार रेजिमेंट स्थापन झाली. गरज सरो, वैद्य मरो! त्या रेजिमेंटमध्ये आजही आपली मुले आहेत, आणि उद्या एखाद्या सहीमुळे त्यांना कोठे जावे लागेल हे त्यांच्या आईबापांना सहीच्या आधी कळले पाहिजे.

म्हणून सांगवीच्या तरुणांना मी त्या दिवशी निघताना एक काम सांगितले, आणि तेच आपणास सांगतो. आपल्या खासदारांस पत्र लिहा. १४ व्या नोंदीखाली करारांविषयी कायदा करण्याचे विधेयक ते मांडतील काय, निदान प्रत्येक लष्करी करार अमलात येण्यापूर्वी संसदेच्या पटलावर यावा अशी मागणी करतील काय, याचे उत्तर लेखी मागा. मसुदा मी करून देतो. सह्या मात्र वस्तीतील प्रत्येक घराच्या हव्यात, आणि सही करण्यापूर्वी तो प्रत्येकाला वाचून दाखवावा. वृद्ध गृहस्थांनी आपली सही प्रथम करावयाचे कबूल केले आहे. पाण्याचा अर्जही सोबत जोडावा, एवढीच त्यांची अट आहे, आणि ती मी मान्य केली आहे.