भूगोलाच्या शेवटी उरलेलं अर्थशास्त्र

महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या मुलाला ब्राझीलची अर्थव्यवस्था शिकवली जाते. थट्टा नाही. २०१८ साली आलेलं दहावीचं भूगोलाचं पुस्तक अख्खं भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेवर उभं आहे, आणि त्यात एक धडा आहे ‘अर्थव्यवस्था व व्यवसाय’. राष्ट्रीय उत्पन्न, दरडोई उत्पन्न, कुठल्या क्षेत्रात किती टक्के लोक, ब्राझीलमध्ये कॉफी, आपल्याकडे भात. त्याआधी नववीत अर्थशास्त्राची तोंडओळख करून देणारा एक धडा आणि व्यापारावर एक धडा झालेला असतो. भांडवलशाही, समाजवादी, मिश्र असे तीन प्रकार पाठ झालेले असतात. बस. शाळेतलं अर्थशास्त्र संपलं.

माझ्या वेळी निदान पेपरचं नाव ‘भूगोल व अर्थशास्त्र’ असं होतं. पुस्तक बदललं तेव्हा नावातूनही ते गेलं. भूगोल म्हणून हे नवं पुस्तक मला आवडलं, मामेबहिणीचं पुस्तक मी उलटून पाहिलं ते शेवटपर्यंत पाहिलं. भांडण त्या पुस्तकाशी नाही. भांडण या समजुतीशी आहे की पैसा, भाव, कर्ज, मजुरी, धंदा या गोष्टी पंधरा वर्षांच्या मुलाला कळण्यासारख्या नाहीत, आणि कळल्या तरी त्या हुशार मुलांसाठी नाहीत.

मी नाशिक जिल्ह्यातला. आमच्याकडे कांद्याचा भाव हा गप्पांचा विषय नसतो, हवामानासारखी गोष्ट असते. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. जिल्ह्यात लिलाव बंद पडले, रस्ता रोको झाले. बंदी उठली ती ४ मे २०२४ रोजी, आणि तीही ४० टक्के शुल्क आणि टनामागे ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य ठेवून. म्हणजे जवळपास एक अख्खं शैक्षणिक वर्ष हे सगळं चालू होतं. त्याच वर्षी निफाड-चांदवडच्या नववीच्या वर्गांत व्यापाराचा धडा झाला. आयात म्हणजे काय, निर्यात म्हणजे काय, व्यापार संतुलनाचे प्रकार किती. फळ्यावर निर्यातीची व्याख्या, आणि शाळेबाहेरच्या रस्त्यावर निर्यातबंदीवरून अडवलेले ट्रॅक्टर. त्या दोन गोष्टी एकच आहेत हे सांगायची सोय अभ्यासक्रमात नाही.

आणि सांगण्यासारखं त्यात किती होतं! बंदी घातली की देशातला माल देशातच राहतो, पुरवठा वाढतो, भाव पडतो. मुंबईच्या गिऱ्हाइकाला कांदा स्वस्त मिळतो. ज्या देशांत आपला कांदा जात होता, तिथला व्यापारी दुसरीकडून माल मागवायला लागतो आणि बंदी उठल्यावर परत येईलच याची खात्री नसते. चाळीत साठवलेला कांदा सडतो, म्हणून शेतकरी थांबू शकत नाही. व्यापारी मात्र थोडा थांबू शकतो. सरकार ज्यांना घाबरतं ते मतदार शहरात जास्त की गावात? पाच-सहा वाक्यांत मागणी, पुरवठा, साठवणूक, सौदा करण्याची ताकद आणि राजकारण सगळं येतं. लासलगावच्या कुठल्याही मुलाला याचा निम्मा भाग घरी बसून माहीत असतो. त्याला फक्त हे कुणी सांगत नाही की तुला जे माहीत आहे त्याला अर्थशास्त्र म्हणतात.

फेब्रुवारी २०२३ मधली दुसरी बातमी तुमच्याही फोनवर येऊन गेली असेल. सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला, भाव लागला किलोला एक रुपया. वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाऊन हातात आला दोन रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. आपण तो फॉरवर्ड केला, चुकचुकलो. पण ती हिशोबपट्टी म्हणजे एका पानाचं पाठ्यपुस्तक आहे. माल विकणाऱ्याकडूनच खर्च का कापला जातो? माल परत न्यायचा तर काय पडलं असतं? एक रुपया किलोने विकलेला कांदा त्या दिवशी शहरात कितीला होता आणि मधले पैसे कुणाकुणाकडे गेले? तो मधला माणूस दरवेळी चोरच असतो की त्याचाही धोका असतो? हे प्रश्न ब्राझीलच्या कॉफीबद्दलही विचारता येतात, आणि कॉफीचा भाव पडल्यावर तिथेही माणसं रडतात. पण आधी पट्टी हातात द्या.

आता दुसरी चाळणी. दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे घराघरांत जो न्याय चालतो तो सगळ्यांना पाठ आहे. पंच्याऐंशीच्या वर सायन्स, साठ-सत्तरला कॉमर्स, त्याखाली आर्ट्स. सायन्सला गेलेल्या मुलाचा अर्थशास्त्राशी संबंध सोळाव्या वर्षी संपतो आणि बाविसाव्या वर्षी एकदम पगाराच्या रूपात उगवतो. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाखांमधल्या भिंती पाडा असं लिहिलं आहे. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात त्या भिंतींना नुकताच नवा रंग दिलाय.

बरं, कॉमर्सला गेलेल्यांना तरी काय मिळतं? माझी मावसबहीण कॉमर्सला होती. घरी किराणा दुकान. उधारीची वही, पोळा-दिवाळीला होणारी वसुली, कंपनीचा माणूस स्कीम घेऊन येतो ती स्कीम, आणि तालुक्याला मॉल झाल्यावर साखर-तेलाचं कमी झालेलं गिऱ्हाईक, हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर. कॉलेजात ती काय पाठ करत होती? हेन्री फेयोलची व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं. ‘चिटणिसाची कार्यपद्धती’ नावाच्या विषयात भागधारकांना पाठवायच्या पत्रांचे नमुने. हे शिकवू नये असं मी म्हणत नाही, फेयोलने माझं काही वाकडं केलेलं नाही. पण दोन वर्षांत कुणी तिला म्हणालं नाही की तुझ्या वडिलांच्या दुकानाचा नफातोटा मांडून आण. मांडला असता तर एक गोष्ट पहिल्याच पानावर दिसली असती: वडील दिवसाचे चौदा तास उभे राहतात त्याची मजुरी कुणी धरतच नाही, आणि ती धरली तर दुकान तोट्यात आहे.

सीबीएसईच्या दहावीला गेली कित्येक वर्षं अर्थशास्त्राचं वेगळं पुस्तक आहे. त्यात पैसा आणि पतपुरवठा यावर अख्खा धडा आहे, सावकार आणि बँक यांतला फरक आहे, बचत गट आहेत. गंमत बघा, बचत गटातल्या बाईचा मुलगा झेडपीच्या नाहीतर संस्थेच्या शाळेत बोर्डाचं पुस्तक वाचतो, आणि बचत गट म्हणजे काय हे शिकतो सोसायटीतला मुलगा.

याचा परिणाम मला रोज ऑफिसात दिसतो. पुण्यात माझ्या आजूबाजूला बसणारी माणसं डोक्याने तल्लख आहेत. त्यांना डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स कळतात. पण बारा लाखांच्या पॅकेजमध्ये कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता आणि मिळाला तर मिळाला असा व्हेरिएबल पे धरलेला आहे हे पहिल्या पगाराला कळतं. फोनवरच्या ॲपवरून घेतलेल्या कर्जावर ‘१२ टक्के फ्लॅट’ लिहिलेलं असतं आणि ते स्वस्त वाटतं. हिशोब साधा आहे. एक लाख रुपये, दोन वर्षं, १२ टक्के फ्लॅट, म्हणजे व्याज २४ हजार आणि महिन्याचा हप्ता साधारण ५,१६७ रुपये. पण मुद्दल पहिल्या हप्त्यापासून फिटत असतं. वर्षभराने तुमच्याकडे त्यांचे पंचावन्न हजारांच्या आसपासच उरलेले असतात, व्याज मात्र तुम्ही पूर्ण लाखावर भरत असता. घटत्या शिलकीवर मांडलं तर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. हे गणित करायला दहा ओळींचा कोड पुरतो, आणि तो लिहिता येणारा माणूसच तो लिहीत नाही. कारण व्याजदर ही विचारायची गोष्ट आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. ती भरायची गोष्ट आहे.

आणि मग एफ अँड ओ. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे जाहीर केले. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या बाजारात उतरलेल्या एक कोटीहून जास्त किरकोळ ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. नफा कमावला तो मुख्यतः परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी आणि स्वतःच्या पैशाने खेळणाऱ्या मोठ्या ट्रेडिंग कंपन्यांनी, आणि तोही जवळजवळ सगळा अल्गोरिदम वापरून. (ते अल्गोरिदम लिहिणारे आमचेच भाऊबंद, हे जाता जाता.) या बाजारात पैसा तयार होत नाही, हात बदलतो, आणि बदलताना ब्रोकर, एक्सचेंज आणि सरकार आपापला वाटा काढून घेतात. शाळेत एक प्रश्न विचारायची सवय लागली असती तर पुरलं असतं: मी जिंकलो तर हरतंय कोण, आणि तो माझ्यापेक्षा मूर्ख आहे असं मला का वाटतंय?

हे वाचून कुणीतरी म्हणेलच की बरोबर, म्हणूनच शाळेत ‘फायनान्शियल लिटरसी’ हवी. इथेच माझं डोकं फिरतं. ती आलेली आहे. नव्या दहावीच्या बीजगणितात ‘अर्थनियोजन’ नावाचं प्रकरण आहे. जीएसटीचं बिल, शेअर्स, म्युच्युअल फंड, एसआयपी, सगळं आहे. गणित म्हणून ते चांगलंच आहे, माझ्या वेळच्या आकडेमोडीपेक्षा जिवंत आहे. पण त्यात मुलगा शिकतो की १८ टक्क्यांचे ९ केंद्राचे आणि ९ राज्याचे. पेट्रोल जीएसटीत का नाही, हे तो शिकत नाही. बिस्किटाच्या पुड्यावर मजूर आणि कारखानदार सारखाच कर भरतात, हे योग्य की अयोग्य, हा प्रश्न गणिताच्या सरांनी विचारायचा नसतो. आर्थिक साक्षरतेच्या नावाखाली शाळांतून जी सत्रं होतात तीही याच जातीची. बचत करा, गुंतवा, विमा काढा. चांगलं गिऱ्हाईक कसं व्हावं याचं ते प्रशिक्षण आहे. ज्या घरात महिनाअखेर उधारी असते तिथल्या मुलाला एसआयपी शिकवणं म्हणजे तुझ्या बापाला शिस्त नाही असं सभ्य भाषेत सांगणं.

अर्थशास्त्र म्हणजे इंग्रजीतून आलेला श्रीमंतांचा विषय, असंही आपण उगाच धरून चाललो आहोत. लोकहितवादींनी ‘लक्ष्मीज्ञान’ हे अर्थशास्त्रावरचं मराठी पुस्तक १८४९ मध्ये काढलं. जोतीरावांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३चा, आणि त्यात शेतसारा, कर्ज आणि कोर्टकचेरीत शेतकरी कसा नागवला जातो याचा हिशोब आहे. बाबासाहेब १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये आला. दहावीच्या एखाद्या मुलाला बाबासाहेबांचा विषय कोणता होता ते विचारून बघा. कायदा, असंच उत्तर येईल.

त्यापेक्षा जवळचा दाखला शरद जोशींचा. त्यांच्या राजकारणाबद्दल तुमचं मत काहीही असो. १९७७ मध्ये स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला शेती करायला आले, आणि पुढे शेतकरी संघटनेची शिबिरं भरवायला लागले. समोर बसलेल्यांत शाळा अर्धवट सुटलेली माणसं होती. त्यांना ते कांद्याचा उत्पादनखर्च, भाव ठरण्याची पद्धत, आयात-निर्यातीचं धोरण समजावून सांगत, आणि त्या माणसांना ते समजत होतं. इतकं समजत होतं की ती रस्त्यावर उतरली. आपण मात्र म्हणतो नववीच्या मुलाला झेपणार नाही.

शिकवणार कोण, ही अडचण मात्र खरी आहे. समाजशास्त्र घेणारे सर इतिहासाचे नाहीतर भूगोलाचे पदवीधर असतात. त्यांच्याकडे आधीच निवडणुकीचं, जनगणनेचं काम असतं. पण हिशोबपट्टी वाचायला पदवी लागत नाही. वर्गातल्या तीन-चार मुलांच्या घरीच ती पडलेली असते. शहरात वीजबिल घ्या, स्विगीच्या डिलिव्हरीवाल्याचा दिवसाचा हिशोब घ्या, भिशी घ्या. भिशीचा पहिला नंबर कुणाला हवा असतो आणि का, यावर एक तास सहज जातो, आणि व्याज म्हणजे काय ते व्याज शब्द न उच्चारता कळतं.

दुसरा आक्षेप वर्गात राजकारण येईल हा. येईलच. राज्यशास्त्राच्या दहावीच्या पुस्तकात राजकीय पक्षांवर धडा आहे, त्याने एकही शाळा कोसळलेली नाही. निर्यातबंदी गिऱ्हाइकाच्या बाजूने आणि शेतकऱ्याच्या बाजूने अशी दोन्हीकडून लिहा, असा चार गुणांचा प्रश्न बोर्डाने का विचारू नये? त्याचं एकच आदर्श उत्तर नसेल, म्हणून पेपर तपासायला त्रास होईल, हे कबूल. मराठीच्या पेपरात निबंध तपासतातच की.