महागडी लेन्स म्हणजे चांगली नजर?

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी शुगर-बीपी दाखवायला आलेले बरेच जण जाता जाता विचारतात, "डॉक्टर, मुलगा म्हणतोय सगळ्यात भारी लेन्स टाका. टाकू ना?" मी नेत्रतज्ज्ञ नाही, पण यावर माझं मत ठाम आहे.

साध्या, म्हणजे मोनोफोकल लेन्सचा फोकस एकाच अंतरावर असतो. तो बहुधा लांबचा ठेवतात, त्यामुळे वाचायला चष्मा लागतो. मल्टिफोकल लेन्स हा चष्मा बऱ्याच अंशी घालवते. कशी? डोळ्यात येणारा प्रकाश वाटून. लांब आणि जवळ अशी सारखी वाटणी करणाऱ्या बायफोकल डिफ्रॅक्टिव्ह लेन्समध्ये साधारण ४१ टक्के प्रकाश लांबच्या दृश्याला मिळतो, तेवढाच जवळच्या, आणि उरलेला वाया जातो. म्हणजे सोय फुकट मिळत नाही. तपासणीच्या तक्त्यावरची काळी अक्षरं छान दिसतात, पण संध्याकाळच्या अंधुक उजेडात पायरीची कड तितकी उठून दिसत नाही. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलयं दिसतात. अनेकांना त्यांची सवय होते, काहींना होत नाही.

आता तुम्हाला जुना मधुमेह असेल आणि पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, त्याचा परिणाम झाला असेल, किंवा काचबिंदू असेल, तर काळं-करडं ओळखण्याची नजरेची ताकद आधीच कमी झालेली असते. त्यात आणखी वाटणी कशाला? अशा पेशंटला मी मोनोफोकलच सुचवतो. रात्री गाडी चालवणाऱ्यालाही. पडदा निरोगी असेल आणि चष्मा अजिबात नकोच असेल, तर मल्टिफोकल जरूर घ्या, पण वलयांबद्दल आधी ऐकून घेऊन.

'इम्पोर्टेड' या शब्दाला तर भुलूच नका. मदुराईची ऑरोलॅब १९९२ पासून लेन्स बनवते आणि त्या परदेशातही जातात.

जास्तीचे पैसे कुठे सार्थकी लागतात, तर टॉरिक लेन्समध्ये. तुमच्या चष्म्यात सिलिंडरचा नंबर मोठा असेल तर त्याबद्दल स्वतःहून विचारा. कॉर्नियाच्या असमान गोलाईमुळे येणारा धूसरपणा ती कमी करते, तोही प्रकाश न वाटता.

आणि दिवसभर पोथी, शिवण किंवा हिशेबाच्या वह्या हाच तुमचा उद्योग असेल, तर साध्या लेन्सचाही फोकस जवळचा ठेवता येतो. मग चष्मा लांबचं बघायला लागेल. हे मात्र लेन्सचा नंबर ठरण्याआधी सर्जनना सांगायला हवं.