गुलाब की मोगरा?

अत्तराचा विषय काढला की आमच्या हाउसमधली मुले हसतात. बुटांचे पॉलिश आणि घाम हाच कॅडेटचा सुगंध, असे ती म्हणतात. पण सुट्टीत घरी जाताना मला आजीसाठी अत्तर न्यायचे आहे. गुलाब न्यावा की मोगरा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

दोन्ही अत्तरे उत्तर प्रदेशातल्या कन्नौजची. तिथे तांब्याच्या देगेत फुले आणि पाणी घालून मंद आच देतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते आणि त्यातल्या चंदनाच्या तेलात फुलांचा वास मुरतो. गुलाब पहाटे खुडतात, तर मोगऱ्याच्या कळ्या संध्याकाळनंतर उमलतात. गुलाबाचा वास गोड आणि शांत असतो. मोगऱ्याचा एक थेंब लावला तरी खोली भरते.

घरातले सगळे म्हणतात, गुलाबच आण, तिच्या वयाला शोभेल. खरे कारण वय नाही. मोगरा म्हटले की गजरा आठवतो आणि आजोबा गेल्यापासून आजीने गजरा माळलेला नाही.

मला हे पटत नाही. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर बायकोचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एका गावाला जे जमले, ते एका घराला का जमू नये? आपण सैनिकी शाळेतली मुले तर वीरपत्नींसाठी टाळ्या वाजवतो, त्यांना सॅल्यूट करतो. त्याच बाईला घरच्या हळदीकुंकवाला बोलावले नाही, तर त्या सॅल्यूटला काय अर्थ?

कोणी म्हणेल, आजीलाच मोगरा नको असेल तर? तर नको. तिच्यावर फुले लादणे हीसुद्धा जबरदस्तीच होईल. पण तिने नको म्हणणे वेगळे आणि तिला न विचारता आपण ठरवणे वेगळे.

म्हणून मी दोन लहान कुप्या नेणार आहे. अत्तर लावल्या लावल्या कळत नाही, ते अंगावर हळूहळू खुलते. एका मनगटावर गुलाब, दुसऱ्यावर मोगरा लावून अर्धा तास थांबायचे. मग आजी जे सांगेल ते खरे. माझे मत एवढेच, की तिच्यासमोर मोगऱ्याची कुपी असायलाच हवी.