भातात ताक टाक!

दोस्तांनो, एक सोपं वाक्य मोठ्याने म्हणा पाहू : ‘भातात ताक टाक.’ म्हटलंत? आता पुन्हा म्हणा आणि जिभेकडे लक्ष ठेवा. ‘ताक’ म्हणताना जीभ पुढच्या दातांना टेकते आणि ‘टाक’ म्हणताना ती मागे वळून टाळूला लागते. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं! घरातलं शेंडेफळसुद्धा हे बरोबर म्हणतं. पण जन्मभर फक्त इंग्रजीच ऐकलेल्या एखाद्या पाहुण्यापुढे हेच वाक्य म्हटलंत, तर बहुधा त्याला दोन्ही शब्द एकसारखेच वाटतील. कान धडधाकट, पण ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक काही कळायचा नाही.

मग त्याच्या घरात हा फरक कळेल कुणाला? सहा महिन्यांच्या तान्ह्या बाळाला!

खोटं वाटतं ना? हे दाखवून दिलं कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या दोन शास्त्रज्ञांनी. साल होतं १९८४. आता बाळाला ‘तुला फरक कळला का रे?’ असं विचारायची काही सोय नाही. म्हणून त्यांनी युक्ती केली. बाळाला आईच्या मांडीवर बसवायचं आणि ‘त त त त’ असा आवाज ऐकवत राहायचं. मध्येच ‘ट’ सुरू झाला, की बाजूच्या पेटीतलं खेळणं उजळून हलायला लागायचं. दोन-चार वेळा असं झालं, की बाळ आवाज बदलताच खेळण्याच्या आशेने आपणहून मान वळवायचं. मान वळली म्हणजे फरक कळला! आवाज होते हिंदीतले आणि बाळं होती इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी बरोबर माना वळवल्या. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी मात्र अगदी थोड्यांनाच ते जमलं. हिंदी घरातली तेवढ्याच वयाची बाळं मात्र अजूनही झटकन मान वळवत होती.

म्हणजे वाढदिवसाचा पहिला केक कापायच्या आत बाळाचा कान ‘आपल्या घरचा’ झालेला असतो. खरं सांगायचं तर कान नाही, मेंदू.

आपल्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत. प्रत्येक पेशी इतर हजारो पेशींशी जोडलेली असते. पण या जोडण्या विजेच्या तारांसारख्या चिकटवलेल्या नसतात बरं का! दोन पेशींच्या मध्ये केसाच्या जाडीच्याही काही हजाराव्या भागाएवढी फट असते आणि त्या फटीतून रसायनांमार्फत निरोप जातो. बाळाच्या मेंदूत अशा जोडण्या मोठ्या माणसापेक्षाही जास्त असतात. पुढे ज्या जोडणीतून वारंवार निरोप जातो ती बळकट होते. ज्यातून कुणी फिरकत नाही ती हळूहळू दुबळी होते, कधी कधी नाहीशीही होते. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, रोज माणसं गेली तर पायवाट कशी टणक होते आणि न वापरलेल्या वाटेवर गवत माजतं, तसंच.

हे नुसतं कल्पनेतलं नाही. अमेरिकेत २००१ साली उंदरांच्या पिल्लांना लहानपणी एकाच पट्टीतला आवाज सतत ऐकवला गेला. मग त्यांचा मेंदू तपासला, तर त्या आवाजाला ओ देणारा भाग चक्क वाढलेला! जे ऐकलं, त्याने मेंदूत जागा बळकावली.

एका भाषेच्या घरात हे असं होतं. मग ज्याच्या कानावर तीन-चार भाषा पडतात त्याचं काय? त्यासाठी कॅनडातून थेट गोंदियाला या. आपल्या महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाचा हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. वर मध्य प्रदेश, उजवीकडे छत्तीसगड. इकडे शाळेत मराठी, बाजारात हिंदी, कुणाच्या घरी पोवारी, तर सालेकसा-देवरीकडच्या कित्येक घरांत गोंडी. आणि गावोगावी बोलली जाते ती झाडीबोली. इथल्या एखाद्या पोराच्या डोक्यातल्या पायवाटा मोजायच्या म्हटल्या तर आपणच दमून जाऊ!

झाडीबोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ नाहीत. पाण्याला ‘पानी’ म्हणतात, डोळ्याला ‘डोरा’, काळ्याला ‘कारा’. आता असं घरी ऐकून-बोलून वाढलेली एखादी मुलगी वर्गात धडा वाचायला उभी राहते, ‘पानी’ म्हणते आणि मागच्या बाकावरून खिदळणं ऐकू येतं. पुढच्या वेळी ती हातच वर करत नाही. मला हे हसणं अगदी आवडत नाही. तिला ‘ण’ ऐकू येत नाही असं मुळीच नाही, शाळेत तो रोज कानावर पडतोच. पण पाळण्यात असल्यापासून जी वाट रोज तुडवली, त्या वाटेने जीभ आधी पळते एवढंच. याला ढ म्हणायचं, तर जर्मन, जपानी, इंग्रज, सगळेच ढ! झाडीबोलीचा तर डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी शब्दकोशही केला आहे. ज्या बोलीला शब्दकोश आहे तिला अशुद्ध कोण म्हणणार?

जपान्यांचं नाव घेतलंच आहे तर त्यांचीही गंमत ऐका. जपानी भाषेत ‘र’ आणि ‘ल’ असे वेगळे आवाज नाहीत. इंग्रजी शिकताना त्यांना ‘रॉक’ आणि ‘लॉक’ सारखेच ऐकू येतात. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० नंतर काही जपानी मोठ्या माणसांना रोज थोडा वेळ, काही आठवडे, अशा शब्दांच्या जोड्या ऐकवल्या. एकाच माणसाच्या आवाजात नव्हे, तर निरनिराळ्या माणसांच्या आवाजात. उत्तर चुकलं की लगेच सांगायचं. त्यांचं ऐकणं तर सुधारलंच, पण न शिकवताच बोलणंही सुधारलं! म्हणजे वाटेवर गवत वाढलं, तरी जमीन काही कुठे जात नाही. फक्त मोठेपणी मेहनत जास्त पडते.

‘मग बाळापुढे टीव्ही लावून ठेवला की झालं!’ असं एखादा आळशी म्हणेल. त्याचंही उत्तर मिळालंय. २००३ साली अमेरिकेत पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. काहींशी चिनी बाई-माणसं समोर बसून बारा वेळा खेळली, गोष्टी वाचल्या. ती बाळं चिनी आवाज ओळखायला लागली. काहींना त्याच माणसांचा टीव्ही दाखवला. त्यांच्या पदरात काहीच पडलं नाही. तेव्हा गोंडी बोलणाऱ्या आजीच्या मांडीची बरोबरी मोबाइलला करता येईल असं मला तरी वाटत नाही.

जाता जाता एक महत्त्वाचं. या वाटा आवाजाने पडतात, मग आवाज आत पोहोचलाच नाही तर? तुमच्या घरी किंवा शेजारी तान्हं बाळ असेल आणि ताट पडल्याच्या आवाजानेही ते दचकत नसेल, किंवा सात-आठ महिन्यांचं होऊनही हाक मारल्यावर वळत नसेल, तर आईला जरूर सांगा. ‘होईल मोठेपणी ठीक’ म्हणत थांबायचं नाही, कान लगेच तपासून घ्यायचा. ऐकू येत नसेल तर यंत्र जितकं लवकर बसेल, तितकी भाषा सोपी जाते.

आता या आठवड्याचा प्रयोग. मित्राला तुमच्याकडे पाठ करून बसवा. काल-काळ, गाल-गाळ, वेल-वेळ, माल-माळ, मन-मण या जोड्यांमधला कुठलाही एक शब्द हळू आवाजात म्हणा. त्याने तो कागदावर लिहायचा. असे वीस शब्द. मग अदलाबदल करा. आणि घरात पोवारी, गोंडी किंवा आणखी कुठली बोली असेल, तर त्या बोलीतली अशीच एखादी जोडी आजीला विचारून घ्या, जी वर्गातल्या कुणालाच ओळखता येणार नाही!